खेचराचं कलम

एर्विन ग्रोटे तसा बढाईखोर माणूस नव्हता. सान साबा नदीच्या वळणावर त्याची पेकानची, म्हणजे अक्रोडासारखं कवचाचं फळ देणाऱ्या झाडांची, बाग होती. आमच्या टेक्सासात बागवाल्याने आपल्या झाडांबद्दल थोडंफार वाढवून सांगितलं तर कुणी मनावर घेत नाही, पण एर्विन तेवढंही करत नसे. फक्त टोंकावाचा विषय निघाला की त्याला आवरणं मुश्कील होऊन जाई. टोंकावा ही पेकानची जात. तिची दोन फळं एका मुठीत दाबली की कवच फुटतं, गर अख्खा सुटून येतो, आणि ओल्या वर्षी सगळ्यांच्या बागा काळ्या डागांच्या रोगाने खराब होत असताना हिच्या पानावर ठिपकासुद्धा दिसत नाही. सरकारी संशोधन केंद्राने ती बाजारात आणली, तेव्हापासून एर्विनचं एक वाक्य ठरलेलं होतं. "आई आमची आल्मा, बाप सक्सेस, आणि लग्न लावलं मी." जत्रेत तो हे सांगे, चर्चच्या पायरीवर सांगे, पेट्रोल पंपावर अनोळखी माणसाला अडवून सांगे.

"पाद्रीबुवांनी शेकड्यांनी लग्नं लावली," त्याची बायको नेल्डा म्हणे, "पण त्यांना एकही इतकं आठवत नाही."

बढाई असली तरी ती खोटी असेल असं कुणाला वाटत नव्हतं. आल्मा हे त्याच्या आईचं नाव. नदीकाठच्या शेकडो रानटी झाडांमधून तिने एक झाड हेरलं, दरवर्षी न चुकता लगडणारं, म्हणून झाडालाही तिचंच नाव पडलं. बी लावून पेकान आईसारखा येत नाही. आल्माची हजार फळं पेरली तर हजार तऱ्हेची झाडं उगवतील आणि त्यातलं एकही आल्मा नसेल. म्हणून चांगल्या झाडाची काडी घेऊन कलम करायचं, आणि नवीन जात हवी असेल तर दोन चांगल्या झाडांची गाठ घालून नशिबाची वाट बघायची. केंद्रातली माणसं गाठ घालायला आल्माकडे आली, तेव्हा एर्विन वीस वर्षांचाही नव्हता. झाडावर चढायला हलका आणि निर्भय, म्हणून त्यांनी त्यालाच रोजावर घेतलं.

काम नाजूक होतं. पेकानची मादीफुलं म्हणजे फांदीच्या टोकाला बसलेले हिरवे ठिपके. त्यांची टोकं चिकट होऊन चकाकायला लागली की ती वाऱ्यावरचा कुठलाही पराग धरतात. त्याआधीच त्यांच्यावर पिशवी चढवायची. पिशवी कसली, सॉसेज भरायची पातळ नळीच ती. एक टोक बांधून बंद करायचं, दुसरं देठापाशी कापूस लावून घट्ट आवळायचं, आणि वेळ झाली की आत सुईने सक्सेस या दुसऱ्या नावाजलेल्या जातीचा पराग फुंकायचा. खाली उभे राहणारे साहेब एकच गोष्ट घोकून घेत, "चकाकण्याआधी, पोरा, चकाकण्याआधी." एर्विनने त्या वसंतात अख्खी आल्मा सॉसेजच्या नळ्यांनी सजवली होती. येणारेजाणारे थांबून विचारत, ग्रोट्यांनी आता झाडाला मांस लावायला सुरुवात केली की काय.

त्यातल्याच एका फळातून टोंकावा निघाली. जात जाहीर झाली तेव्हा केंद्राने एर्विनला तिचं एक रोप दिलं. नेल्डाने ते स्वयंपाकघरासमोर लावलं आणि भांडी धुतलेलं पाणी घालून वाढवलं. पुढे त्या सावलीत तिने पंचवीस उन्हाळे बसून पीच सोलले.

आता खेचराबद्दल सांगायला हवं. वळणाच्या टोकाला, आल्मापासून हाकेच्या अंतरावर, एक म्हातारं रानटी झाड होतं. फळं बोराएवढी आणि दगडासारखी. डुकरंसुद्धा ती हुंगून पुढे जात. एकदा एर्विनच्या बापाने त्यातलं एक फोडायला हातोडी घेतली आणि अंगठ्याचं नख घालवून बसला, तेव्हापासून लाथ झाडणारं म्हणून त्या झाडाला सगळे खेचर म्हणू लागले. एर्विनची आई होती तोवर तिने त्याला हात लावू दिला नाही. कारण विचारलं तर म्हणे, "तुमचं काय खातंय ते?" ती गेल्यावरही ते कित्येक वर्षं उभंच राहिलं, कारण एर्विनला वेळ मिळाला नाही.

मग आमच्या लुथरन चर्चला शंभर वर्षं झाली. जानेवारीत थंडीतच मोठं जेवण ठरलं. आमच्याकडे गोमांस धुरावर शिजवायचं तर पेकानचंच लाकूड हवं, आणि तेही म्हाताऱ्या झाडाचं. बार्बेक्यूची भट्टी रॉयस टेटच्या ताब्यात असे. तो म्हणाला, "एर्विन, तुझं ते खेचर मरणार तर आहेच. निदान देवाच्या कामी तरी येऊ दे." एर्विनला ते पटलं. गड्यांना घेऊन त्याने झाड पाडलं, ओंडके करून ट्रक भरले आणि फांद्यांचा ढीग जागेवरच पेटवून दिला. एर्विन काम अर्धवट सोडणाऱ्यातला नव्हता. बुंधा पुन्हा फुटू नये म्हणून त्यात भोकं पाडून डिझेल ओतलं. एक शेंड्याची फांदी तेवढी काठावरून घसरून नदीच्या चिखलात पडली. ती ओढायला माणूस उतरवणं धोक्याचं होतं, म्हणून पुरात वाहून जाईल असं म्हणून त्याने ती तशीच सोडली. जेवणाला अख्खा तालुका लोटला. असं मांस जन्मात खाल्लं नाही, असं जो तो म्हणत होता, आणि लाकूड कुणाचं ते रॉयस सगळ्यांना ओरडून सांगत होता.

फेब्रुवारी संपता संपता मारिसेला ओल्गीन दारात उभी राहिली. ती केंद्रातली शास्त्रज्ञ, वयाने तरुण, जन्माने इथलीच. तिचे आजोबा आमच्याच बागांमधून लांब काठ्यांनी पेकान झोडपत. आदल्या शरदात ती झाडांची पानं गोळा करायला आली होती. जुन्या जातींचे खरे आईबाप कोण, हे आता पानावरून तपासता येतं म्हणे. तेव्हा एर्विनने तिला सगळी बाग मोकळी करून दिली होती आणि वर चेष्टेने म्हणाला होता, "त्या खेचराचंही ने पान. कुणी तरी त्याची विचारपूस करू दे."

नेल्डाने कॉफी आणि पीच घातलेला केक पुढे ठेवला. मारिसेलाने केकला हातही लावला नाही.

"मिस्टर एर्विन, टोंकावाचा निकाल आलाय. आई आल्माच आहे."

"ते मी तुला फुकटात सांगितलं असतं."

"बाप सक्सेस नाही."

एर्विन हसला. पोरगी थट्टा करतेय असं त्याला वाटलं. तिचा चेहरा बघितल्यावर त्याचं हसू आटलं.

"मी स्वतः बांधल्यात पिशव्या," तो म्हणाला. "सक्सेसचा पराग स्वतः फुंकलाय. कुठल्या तरी बाटल्या बदलल्या असतील तुमच्याकडे."

"आम्हालाही तसंच वाटलं. म्हणून पुन्हा केली तपासणी. एकदा नाही, बऱ्याचदा." तिने कप बाजूला सारला. "फुलं आधीच कुणीतरी गाठली होती. पिशवी बसायच्या आधी. आल्माची फुलं फार लवकर तयार होतात आणि तिचा स्वतःचा पराग तेव्हा उडतही नाही. इतक्या लवकर पराग सोडणारं जवळपास एकच झाड आहे. एखादी फांदी एकदोन दिवस उघडी राहिली होती का? आठवतंय काही?"

एर्विनला आठवलं. शनिवारी दक्षिणेचा वारा असा सुटला होता की शेंड्याला जाणं शक्यच नव्हतं. तिथली फुलं राहून गेली. दुसऱ्या दिवशी वारा पडला, ऊनही लख्ख होतं, पण रविवार होता. त्याच्या आईच्या घरात रविवारी कोंबड्यांना दाणे टाकायचे आणि गाईची धार काढायची, यापलीकडे काम म्हणजे पाप. शिडीला हात लावला असता तर तिने त्याला त्याच शिडीवर झोडपलं असतं. फुलं काही पळून जात नाहीत, असं म्हणून तो चर्चला गेला. सोमवारी सकाळी वर चढून पिशव्या बांधल्या. टोकं चकाकत होती का, हे त्याने पाहिलंसुद्धा नव्हतं.

"रविवार होता," तो म्हणाला.

मारिसेलाला ते कळायला थोडा वेळ लागला. नेल्डाला लगेच कळलं.

"म्हणजे तू चर्चमध्ये भजनं म्हणत होतास," ती म्हणाली, "तोवर नवरीने उरकून घेतलं होतं."

एर्विनने तिच्याकडे पाहिलंही नाही. इतकी वर्षं लोकांना अडवून अडवून सांगितलेलं वाक्य त्याच्या डोक्यात फिरत होतं. लग्न लावलं मी. त्याला त्या प्रत्येक माणसापासून तोंड लपवावंसं वाटत होतं. आणि तरी त्याच्या मनात अजून तो प्रश्न आलाच नव्हता. तो नेल्डाने विचारला. "मग बाप कोण?"

"तुमचं खेचर," मारिसेला म्हणाली.

मारिसेलाला वाटलं, दोघं आनंदाने गप्प झालेत, म्हणून ती उत्साहाने बोलत सुटली. देशभरातल्या बागांची वंशावळ काढली तर तीचतीच घराणी निघतात, ती सांगत होती. सक्सेस, स्ले, मूर, आणि इथल्याच नदीकाठच्या सान साबा नावाच्या जुन्या झाडाची लेकरं. चुलतभावंडांनी चुलतभावंडांशी लग्नं केल्यासारखी गत झाली आहे. रोगाने आता पवित्रा बदलला आहे, आणि एकामागून एक जात आडवी होते आहे. टोंकावा तेवढी उभी आहे, आणि ती ताकद आल्माकडून आलेली नाही. ती बापाची आहे. असं रानटी, नवं, निरोगी रक्त केंद्राला वर्षानुवर्षं शोधून सापडलं नव्हतं.

"टोंकावाकडे त्याचा अर्धा वाटा आहे. आम्हाला पूर्ण हवाय. म्हणून आलेय मी. कलमाच्या काड्या घ्यायला. झाड झोपेत आहे तोवरच घेतलेल्या बऱ्या." ती उठली. "दाखवता का मला? मागच्या वेळी शेवटच्या उजेडात पाहिलं होतं, नीट लक्षात नाही."

एर्विनने नेल्डाकडे पाहिलं.

"बाई," नेल्डा म्हणाली, "ते झाड आम्ही खाल्लं."

"खाल्लं?" मारिसेलाने विचारलं.

"चर्चच्या जेवणाला. गोमांसाखाली जाळलं. अख्ख्या तालुक्याने खाल्लं."

"मी आले होते त्या जेवणाला," मारिसेला म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी दोनदा वाढून घेतलं."

ती पुन्हा खुर्चीत बसली. मग एकदम म्हणाली, "बुंधा असेल ना? बुंध्याला फूट येईल." एर्विनने डिझेलचं सांगितलं. सांगताना त्याला स्वतःच्याच आवाजाची किळस आली. आयुष्यभर लोक त्याच्या नेटकेपणाची तारीफ करत होते, आणि त्याच नेटकेपणाने त्याने त्या झाडाला जगायला एक फटसुद्धा ठेवली नव्हती. ढिगाचं विचारलं, तर तोही जाळलेला. ओंडक्यांचं विचारलं, तर रॉयसने उरलेले ईस्टरसाठी भट्टीजवळ सुकत टाकलेले. मारिसेलाने डोळ्यांवर हात ठेवला.

तेव्हा एर्विनला चिखलातली फांदी आठवली.

त्या वर्षी पूर आला नाही. पाऊसच आला नाही. नदी इतकी आटली होती की जिथे आधी दोरीशिवाय उतरायची सोय नव्हती, तिथे पंचाहत्तरी गाठलेला एर्विन बूट घालून चालत गेला. फांदी होती तिथेच होती, अर्धी काठाच्या सावलीत, अर्धी गार चिखलात. मारिसेलाने वरची एक डहाळी नखाने खरवडली. साल सोलली गेली, आत तपकिरी. दुसरी खरवडली, तीही तशीच. दोघं एकमेकांशी न बोलता खरवडत गेले. वाळलेल्या डहाळ्या कटाकट मोडत होत्या आणि प्रत्येक आवाजाला एर्विन दचकत होता. शेवटी तो चिखलात गुडघ्यावर बसला, हात कोपरापर्यंत आत घातला आणि खालची एक डहाळी उपसून पँटला पुसली. नखाखाली हिरवं लागलं.

त्याला हुंदका आला. मारिसेलाने दुसरीकडे बघितल्यासारखं केलं.

कामाच्या म्हणाव्यात अशा मूठभर काड्या निघाल्या. निम्म्या तिने बर्फाच्या पेटीतून केंद्रात नेल्या, निम्म्या एर्विनकडे ठेवल्या, म्हणजे एकाकडचं बिघडलं तरी दुसरीकडचं राहील. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्या नेल्डाच्या फ्रिजमध्ये अंड्यांशेजारी गेल्या. ऑमलेट करायला नेल्डाने दार उघडलं की मागून एर्विनचा आवाज येई, "पटकन लाव, गरम हवा जाते आत." ती म्हणे, "माझ्या बाळंतपणात एवढा जीव टांगणीला लागला नव्हता तुझा."

कलम बांधायची वेळ एप्रिलात. झाडाचा रस वर चढला की साल लाकडापासून सुटते, मग सालीखाली काडी सरकवायची. पण दुष्काळाने रसच चढेना. मारिसेलाचा फोन आला, केंद्रातल्या रोपांवर बांधलेली सगळी कलमं वाळली. विहिरी खाली गेल्या होत्या, पाणी देणार कुठून. "तुमच्याकडच्या तेवढ्या राहिल्यात," ती म्हणाली, आणि पुढे तिला बोलवेना. एर्विन चाकू घेऊन रोज वळणावर जाई. एकेका झाडाला चीर देऊन साल उचलायला बघे. साल हाडाला चिकटल्यासारखी. आल्माची सुद्धा. फ्रिजमधल्या काड्यांचे डोळे फुगायला लागले होते. आठवडाभरात त्या बांधल्या नाहीत तर सरपणात टाकाव्या लागणार होत्या.

चर्चच्या गायनमंडळाचा सराव होता म्हणून नेल्डा गावात गेली होती. तिची गाडी वळली, आणि एर्विन स्वयंपाकघरासमोरच्या टोंकावाजवळ जाऊन उभा राहिला. चीर दिली. चाकूचं टोक लावलं मात्र, साल ओल्या मोज्यासारखी सुटून आली. गावभर दुष्काळ असला तरी भांडी नेल्डाला धुवावीच लागत होती, आणि ते पाणी अजूनही याच झाडाला जाई.

तो बराच वेळ त्या झाडाखाली उभा होता. एकच फांदी कापून भागणार नव्हतं. वरचा डोलारा ठेवला तर सगळा रस तिकडे ओढला जातो आणि कलम उपाशी मरतं, हे त्याला ठाऊक होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या झाडांना त्याने तेच केलं होतं आणि बायका रडताना पाहिल्या होत्या. त्याने घरात जाऊन करवत आणली.

नेल्डा परतली तेव्हा अंगणभर फांद्या पडलेल्या होत्या, नुकत्या फुटलेल्या पालवीसकट. ज्या खिडकीत कधी दुपारचं ऊन येत नसे ती लखलखत होती. झाडाच्या जागी हात तोडल्यासारखा बुंधा आणि चार थोटुकं, आणि शिडीवर तिचा नवरा. थोटकांवर मेण, ॲल्युमिनियमचा कागद आणि वर बांधलेल्या पिशव्या. गाडीचं दार उघडंच टाकून ती तशीच उभी राहिली. गाण्याची वही हातातून खाली पडली तरी तिला कळलं नाही. लग्नाला पन्नास वर्षं झाली होती, पण आपला नवरा असं काही करील हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"एर्विन," ती म्हणाली, "हे काय केलंस तू?"

"साल फक्त हिचीच सुटत होती." त्याला मागे वळून तिच्याकडे बघायचा धीर झाला नाही. "तिच्या बापाला जागा हवी होती, नेल्डा. मी जाळलं त्याला. दुसरं काही सुचलं नाही."

"माझं झाड आहे ते."

"ठाऊक आहे."

"विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. आणि मग मला जमलं नसतं."

नेल्डा फांद्यांमधून वाट काढत जवळ आली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. शिडीचा एक पाय खाली पडलेल्या फांदीवर तिरका टेकलेला होता आणि ती हलत होती. करवतीने त्याच्या मनगटाला लागलं होतं, ते त्याने कलमाच्याच फितीने बांधलं होतं.

"नाही म्हणाले नसते," ती म्हणाली. "भांडले असते, रडले असते. मग शिडी धरली असती, मूर्खा. या वयात एकटा चढलास. पडला असतास तर मी घरी येऊन काय बघितलं असतं?"

एर्विनने शेवटची काडी दातांत धरली. तीन बसल्या होत्या, एक उरली होती.

नेल्डाने दोन्ही हातांनी शिडी पकडली आणि सगळा भार टाकून ती जमिनीत रोवली. ती रडत होती ते त्याला शिडीतून जाणवत होतं. चौथी काडी त्याने तशीच बसवली, आणि त्या उन्हाळ्यात तेवढी एकच जगली.